तोट आणि काना

चामराजपेट, बेंगळूर
१२ जानेवारी १९५७

आजपासून नवी वही. जुनी डिसेंबरातच संपली होती, पण दुकानदाराकडे रेघा नसलेली वही नव्हती आणि रेघांच्या वहीत माझं अक्षर बिचकतं. पंचवीस वर्षं लिहितो आहे. रंगाऱ्यानं ऊन किती होतं, कुठला रंग कुठल्या दिवशी वाळत घातला ते लिहून ठेवावं, असं वडिलांनी सांगितलं होतं. मराठी चौथी शिकलो, त्यावर हे चाललं आहे. मागची पानं मी वाचत नाही. एकदा वाचली होती, तर आठवडाभर पोट बिघडलं.

तोटात आज लाल लुगडी. ऊन सौम्य.

काल पुण्याकडचा एक पाहुणा विचारत होता, तोट म्हणजे काय हो? कन्नडात तोट म्हणजे बाग. आमच्या घरांमागं रंगाऱ्यांचं मैदान आहे, एक विहीर, नारळाची झाडं, बांबूंना बांधलेल्या दोऱ्या. आजोबांच्या वेळी तिथं भाजीपाला होता. भाजीपाला गेला, नाव राहिलं. आता म्हणतात सरकारची जागांची कचेरी त्यावर घरांच्या साइट, म्हणजे प्लॉट, पाडणार. तसं झालं तर ओली लुगडी घेऊन आम्ही कुठं जायचं हे कुणी सांगत नाही. मला चार दिवस झोप नाही.

त्यात आज वासुदेवराव वकील सायकलवरून आले. विधानसभेला उभे राहणार आहेत, अपक्ष. पँटच्या पायाला लोखंडी चाप, तो काढायला विसरले आणि तसेच बसले. असा माणूस राज्य चालवणार.

"विठोजीराव, तोटाचा काही कागद आहे का?"

"कागद कशाला? विहीर आहे की."

"विहिरीला सही करता येत नाही हो."

हसले. मी हसलो नाही. चहा दिला तो अर्धा ठेवून गेले. सुनेनं, चंपानं, तोच गरम करून मला दिला असावा, असा मला संशय आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. इथल्या रीतीनं तीळ, गूळ, खोबरं, दाणे घरोघर वाटून झाले. शेजारचा पिराजी निपाणीचा, नोव्हेंबरात नवं राज्य झालं तसा इकडं आला, गिरणीत कारकून आहे. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या बेंगळुरात तिळाला गूळ चिकटतच न्हाई की ओ. सगळं सुटं सुटं." इथं येऊन तीन महिने झाले नाहीत आणि लागला नावं ठेवायला.

काम बंद. दोऱ्या रिकाम्या.

१९ जानेवारी

देवळाच्या कोपऱ्यावर वासुदेवरावांचं भाषण. ध्वनिक्षेपक नाही. स्टुलावर उभे, हातात कागद. निम्मं ऐकू आलं, तेवढंही पुष्कळ झालं.

म्हणाले, "जागा रिकामी आहे की नाही हे कचेरीवाले भिंत बघून ठरवतात. भिंत नाही, म्हणजे रिकामी. मी म्हणतो, तिथं काम काय चालतं ते बघून ठरवा. लुगडं वाळतं तीही वापरातली जमीन." इथवर बरं होतं. पण त्यासाठी स्टुलावर चढायला नको होतं, हे आमच्या चंपालाही ठाऊक आहे.

मग अंदाजपत्रकावर घसरले. अंदाजपत्रक म्हणजे म्हणे सरकारनं वर्षाच्या आधी दिलेला शब्द. ज्या जागेचं नाव त्यात नाही ती जागा सरकारला दिसतच नाही. म्हणून तोटाचं नाव त्यात घालायचं, विहिरीच्या दुरुस्तीला, गटाराला दर वर्षी काही ठेवायचं, आणि प्रत्येक पेटेचा, म्हणजे पेठेचा, आकडा चौकात मोठ्यानं वाचून दाखवायचा. मोठ्या कमानी आणि सभागृहं बांधायची थांबवली की एवढं भागतं. लोक जांभया देत होते. शेवटी म्हणाले, "आणि तुम्हीही घरटी वर्षाला एक रुपया द्यायचा. पावती घ्यायची. फुकट वापरलेली जागा उद्या कुणीही काढून घेईल. पावती असलेल्या माणसाला विचारावं लागतं."

आमच्या आजोबांच्या तोटात लुगडं वाळत घालायला आम्ही रुपया द्यायचा. मत मागायला येऊन माणूस खिशात हात घालतो, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं.

घरी येऊन चंपाला सांगितलं. ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही महिन्याला रुपयाची नस ओढता की." तपकिरीचा इथं काय संबंध?

तोटात पिवळी. वारा फार, दोन लुगडी विहिरीच्या कठड्यावर गेली.

२२ जानेवारी

दुसरा उमेदवार शिवाप्पा, लाकडाच्या वखारीचा मालक. आज ध्वनिक्षेपक लावलेली मोटार गल्लीत. तोट कुणी हलवणार नाही, रुपया नाही, वर तोटात नळ देऊ, फरशी घालू, बस गल्लीच्या तोंडाशी थांबवू. एवढं सगळं त्या तोटात मावणार कसं, हे मोटारीला विचारायचं होतं, पण ती थांबेना. मला दोघांचीही शिसारी आली आहे. पण फुकट देणारा निदान मोठ्यानं बोलतो.

२८ जानेवारी

सगळा दिवस एकाच कामात गेला. सकाळी वासुदेवराव आले, हातात कन्नडातलं हँडबिल. आपल्या लोकांसाठी हे मराठीत करून द्या म्हणाले. त्यांना मराठी बोलता येतं, पण लिहा-वाचायला गेले की प्रत्येक अक्षराशी झटापट. "तुमच्यासारखं वळणदार अक्षर पेटेत कुणाचं नाही." मी स्तुतीला भुलणारा नाही. पण कागद ठेवून घेतला, कारण हे काम पिराजीकडं गेलं असतं तर त्यानं सगळी निपाणी त्यात ओतली असती.

उन्हात तोटाच्या बांधावर बसून लिहिलं. समोर सगळ्या दोऱ्या भरलेल्या, आमची निळी, पलीकडच्यांची हिरवी, मध्ये वाट काढायला जागा नव्हती. त्यात एक टोपीवाला टेप घेऊन हिंडत होता. दोरीखालून वाकला तर ओल्या पदरानं त्याची टोपी निळी केली. चंपानं त्याला पाणी दिलं, टोपी पुसायला फडकं दिलं. कोण आहे विचारलं तर म्हणाला सरकारी. सरकारी तर दिसतच होता, काही न करता घामाघूम.

वासुदेवरावांची भाषा म्हणजे वाळू. पाणी घालून मळावी लागली. 'रंगाऱ्यांचं तोट राखीन' असं आधी लिहिलं. उघडंबोडकं दिसलं. आम्ही तोट म्हणताना शेवटचा ट तोडत नाही, कन्नड माणसासारखा जरा धरून ठेवतो. नुसतं तोट लिहिलं तर पिराजीसारखे लोक ते बोट, पोट यांसारखं झटक्यात वाचून टाकणार. म्हणून ट ला काना दिला. तोटा. मग 'रंगाऱ्यांचा तोटा' करावं लागलं. लगेच शब्दाला वजन आलं. सात ठिकाणी होता, सातही ठिकाणी काना दिला.

हा माणूस निवडून आला तर विधानसभेतसुद्धा सायकलचा चाप लावून जाईल. मराठी मात्र त्याला माझी मिळाली.

६ फेब्रुवारी

हँडबिलं छापून आली. गुलाबी कागद. वर वासुदेवरावांचं चिन्ह, शिडी. शिडी म्हणजे वर चढायचं आणि उतरताना पाय मोडायचा. खाली माझी मराठी. तीनदा वाचली. छपाईची एक चूक नाही. व्यंकटेशला, म्हणजे माझ्या मुलाला, दाखवली. तो कढईवर होता, हात रंगाचे, म्हणाला, "अण्णा, भिंतीला लावा, लांबून बघतो."

तोटात लाल. ऊन कडक.

१० फेब्रुवारी

आज रविवार, गिरणीला सुट्टी. नळावर पिराजी आणि गिरणीतले सातआठ जण, सगळे बेळगाव-निपाणीकडचे. पिराजी हँडबिल वाचत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. मला वाटलं माझ्या अक्षराला हसतात, पण ते तर छापलेलं होतं.

"या अण्णा, ऐका," पिराजी म्हणाला. "रंगाऱ्यांचा तोटा मी राखीन. दर वर्षी अंदाजपत्रकात तोट्याची तरतूद करीन. कुणी तोटा काढून घ्यायला आला तर आडवा पडेन."

"बरोबर आहे की," मी म्हणालो.

"पुढं ऐका ओ. जिथं तोटा नाही तिथं नवा तोटा करीन. तोटा जसाच्या तसा तुमच्या नातवंडांच्या हाती देईन."

एक जण नळाखाली बसकण मारून हसू लागला. मला काही कळेना.

"अण्णा, तोटा म्हंजे लुकसान की ओ. घाटा. आमच्याकडं शाळेतलं पोरगंबी सांगंल. खरं सांगून मत मागणारा पहिलाच गडी बगितला बगा."

आमच्या घरांत लुकसानाला लुकसान म्हणतात. तोटा हा पुस्तकातला शब्द, ऐकला असेन कधी, पण तोंडी कुणाच्याच नाही. मी म्हणालो, "मी तोट लिहिलं होतं. छापणाऱ्यानं काना घातला."

"मग छापणाऱ्यालाच निवडून द्या," पिराजी म्हणाला.

घरी आलो. मी काना दिला होता का? आठवत नाही. दिला नसणार. असली चूक माझ्या हातून होत नाही. मागचं पान उलटून बघता आलं असतं, पण ती माझी पद्धत नाही आणि एका निपाणीवाल्यासाठी मी ती मोडणार नाही.

१२ फेब्रुवारी

छापखान्यात गेलो. मालक त्रिविक्रम, तोंडात तंबाखू, बोटं काळी. स्पष्ट सांगितलं, तुमच्या माणसानं माझ्या शब्दाला काना चिकटवला. मूळ कागद काढा.

"कागद इथं नाही अण्णा. वकीलसाहेब काल घेऊन गेले."

"का?"

"आले, कागद मागितला, उभ्यानं वाचला. मग घडी घातली, आतल्या खिशात ठेवली. म्हणाले, हा आता कुणाला दाखवायचं कारण नाही. कुणी विचारलं तर छापखान्याचं नाव घेऊ नका, माझं घ्या."

वकील आणि छापखाना यांचं संगनमत आहे, दुसरं काय. चूक झाकायला पुरावाच नाहीसा केला. मी तिथंच हे बोलून दाखवलं. त्रिविक्रम बाहेर जाऊन थुंकून आला आणि म्हणाला, "सरी अण्णा, तसं असेल." तंबाखू खाणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

१७ फेब्रुवारी

शिवाप्पाची सभा. त्याच्या माणसानं गुलाबी कागद काढून वाचला, दरेक ओळीला टाळ्या. आता वासुदेवराव दिसले की गल्लीतली पोरंसोरं सोडाच, मोठी माणसं ओरडतात, "तोटेवाले वकील". संध्याकाळी ते आमच्या कोपऱ्यावर आले, स्टुलावर चढले. कुणीतरी विचारलं, "यंदा किती तोटा देणार?"

ते म्हणाले, "ती चूक माझी. माझं मराठी कच्चं आहे. मला बाग म्हणायचं होतं." मग पुन्हा तेच, जमीन, काम, अंदाजपत्रक, रुपया, पावती. ऐकायला नऊ माणसं, त्यांतली दोन बसची वाट बघणारी.

मराठी कच्चं आहे हे खरंच आहे. माणूस निदान एक गोष्ट खरी बोलला. पण उतरताना माझ्याकडं बघून नमस्कार केला तो कशासाठी ते कळलं नाही. मी मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं.

तोटात पांढरी, खळ दिलेली. ऊन ठीक.

२५ फेब्रुवारी

मतदान. शाळेत पडद्याआड पेट्या ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिन्हाचं चित्र, एकीवर शिडी, एकीवर शिवाप्पाचा दिवा, आणखी दोन. चिठ्ठी ज्याच्या पेटीत टाकायची त्याच्या पेटीत टाकायची. मी पडद्याआड इतका वेळ उभा राहिलो की बाहेरचा शिपाई खोकला. बोटाला शाई. रंगाऱ्याच्या बोटाला शाई लावून काय कळणार, निळं बोट तर रोजचंच.

कुणाला मत दिलं ते इथंसुद्धा लिहिणार नाही. वही उद्या कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

३ मार्च

शिवाप्पा निवडून आला. वासुदेवराव दोनशे अकरा मतांनी पडले. मोटार फिरली, पेढे वाटले. पिराजी पेढा खात आला आणि म्हणाला, "आमच्या गिरणीतलीच तीनशेच्या वर मतं असतील अण्णा. सगळी दिव्याला. हसून हसून टाकली बगा." स्वतःशीच हसला, मग थांबला. "खरं म्हंजे माणूस वाईट न्हवता," म्हणाला आणि दुसरा पेढा खिशात घातला.

पडणाऱ्यांनी पडावं. तोट वाचलं म्हणजे झालं. शिवाप्पानं शब्द दिला आहे.

१ एप्रिल

आजपासून नवा पैसा. आण्याचे सहा नवे पैसे की सव्वासहा, यावर दुकानात दोन तास वाद. सरकारला बदलायला हेच सापडलं.

शिवाप्पा निवडून आल्यापासून इकडं फिरकला नाही. नळ नाही. फरशी नाही. मला फरशी नकोच होती.

तोटात हिरवी.

९ मे

सकाळी चंपा तोटातून धावत आली. नारळाच्या झाडावर कागद चिकटवला आहे. व्यंकटेशनं वाचून दाखवला. जागांच्या कचेरीची नोटीस: ही जागा रिकामी व बिनवापराची असल्याचं अठ्ठावीस जानेवारी रोजी प्रत्यक्ष पाहणीत आढळलं, त्या वेळी जागेत काहीही नव्हतं, सबब साइट पाडण्यात येतील. हरकत असल्यास पंधरा दिवसांत पुराव्यासह.

मी दोनदा विचारलं, काय नव्हतं? व्यंकटेश म्हणाला, काहीही.

तसाच वखारीत गेलो. शिवाप्पा लाकडावर खडूनं खुणा करत होता. मला बघून म्हणाला, "बन्नी अण्णा, बसा." नोटिशीचं सांगितलं. "सरी सरी, बघू. सरकार म्हणजे स्वल्प टाइम लागतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साइट पडल्या तर एक तुम्हाला लावून देऊ. घाबरू नका."

साइटवर लुगडं कसं वाळवतात ते त्याला विचारलं. त्यानं पुढच्या फळीवर खूण केली.

जेवलो नाही.

१३ मे

चंपा मला न विचारता वासुदेवरावांकडं जाऊन आली. मी काल तिला म्हणालो होतो, त्या पडलेल्या माणसाच्या दारात मी जाणार नाही. तिनं त्याचा अर्थ असा घेतला की तिनं जावं.

ते दुपारी आले. पायाला चाप तसाच. नोटीस वाचली, पुन्हा वाचली. फीबद्दल विचारलं तर म्हणाले, "स्टुलावरून जे बोललो ते निवडणुकीपुरतं नव्हतं." म्हणजे काय ते मला समजलं नाही.

मग म्हणाले, "त्यांच्याकडं कागद आहे, आपल्याकडं विहीर. त्या दिवशी तोटात काय वाळत होतं हे कुणी लिहून ठेवलं असतं तर."

चंपा दारातून म्हणाली, "मामंजी रोज लिहितात. पंचवीस वर्षांच्या वह्या ट्रंकेत आहेत."

वासुदेवराव खुर्चीत पुढं सरकले. इतके खूश झालेले मी त्यांना निवडणुकीतही पाहिले नव्हते. "सगळ्या हव्यात. यंदाची तर हवीच. अठ्ठावीस जानेवारीचं पान मुख्य. मी स्वतः वाचून कन्नडात उतरवतो आणि कचेरीच्या साहेबांपुढं मूळ वही ठेवतो. फक्त एक, विठोजीराव, वही अखंड हवी. एक पान फाटलेलं दिसलं, एक ओळ खोडलेली दिसली, की म्हणतील मागाहून बनवली."

मी विषय बदलावा म्हणून म्हणालो, "त्या त्रिविक्रमानं फेब्रुवारीत तुमचा घात केला. काना घालून."

ते चाप चाचपत म्हणाले, "त्रिविक्रम जुळणी फार चांगली करतो." आणि चंपाकडं बघितलं. चंपा आत गेली.

गुरुवारी सकाळी वही न्यायला येणार आहेत.

१४ मे

आज पद्धत मोडली. अठ्ठावीस जानेवारीचं पान काढलं.

निळी लुगडी आहेत, पलीकडच्यांची हिरवी आहेत, दोऱ्या भरलेल्या, वाट काढायला जागा नाही. टोपीवाला आहे, टेप आहे, त्याची निळी झालेली टोपी आहे, चंपानं दिलेलं पाणी आहे. कचेरीचा माणूस काहीही नव्हतं म्हणतो त्या दिवशी त्याच्या डोक्यावर आमचा रंग पडला होता, हे माझ्या अक्षरात आहे. वासुदेवरावांना यापेक्षा चांगलं पान मिळणार नाही.

त्याच्या खालीच आहे. सात ठिकाणी होता, सातही ठिकाणी काना दिला.

मग फेब्रुवारी वाचला, मार्च वाचला. छापखान्यात मी काय बोललो ते वाचलं. वासुदेवरावांनी तो कागद का नेला ते आता मला कळलं, माझ्याशिवाय सगळ्यांना आधीच कळलेलं असणार. त्रिविक्रमाला, चंपाला, बहुधा पिराजीलाही. दोनशे अकरा. पिराजी म्हणाला होता तीनशेच्या वर.

पान नीट शिवलेलं आहे. त्याचं जोडीदार पान मार्चमध्ये निघतं. एक काढलं तर दुसरं सुटतं. कात्री काढली होती, ठेवून दिली. मग पेन घेऊन नुसत्या त्या ओळीवर रेघ मारावी असं वाटलं. रेघेखालून काना दिसतोच. माझी शाई पातळ आहे.

चंपा येऊन म्हणाली, "मामंजी, कात्री कशाला हवी होती?"

"नखं."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. "काल तर कापली," म्हणाली आणि कात्री घेऊन गेली.

१६ मे

सकाळ. आज गुरुवार.

वासुदेवराव, ही वही तुम्ही वाचणार आहात. एकही पान फाडलेलं नाही, एकही ओळ खोडलेली नाही. तुमच्याबद्दल यात जे लिहिलं आहे त्यातलं चापाचं मी परत घेणार नाही, तो चाप तुम्ही घरात येताना काढायला हवा. बाकीचं तुम्हाला मराठी नीट वाचता येत नाही म्हणून बरंचसं चुकेल, तेवढाच मला आधार. पण अठ्ठावीस जानेवारीचं पान तुम्ही अक्षर न् अक्षर सोडवणार, कारण ते मुख्य आहे. तर ते सोडवायच्या आधीच सांगतो. काना मी दिला होता.

आणि पंचवीस फेब्रुवारीला जे लिहिलं नाही तेही लिहितो, नाहीतर साहेब विचारतील ही जागा का सोडली. मी चिठ्ठी दिव्याच्या पेटीत टाकली. वर्षाचा रुपया वाचावा म्हणून.

रुपया मी व्यंकटेशकडं दिला आहे. पावती तुम्ही कुणाकडून आणाल ते मला ठाऊक नाही, पण आणा.

सायकलची घंटा गल्लीच्या तोंडाशी ऐकू येते आहे. अजून एक ओळ होईल.

ऊन चांगलं. तोटात निळी लुगडी, सगळ्या दोऱ्या भरलेल्या. तोट लिहिलं आहे, काना नाही.